पाणी कुठलं पिता?

जीबीएसचा, म्हणजे गुईलेन-बॅरे सिंड्रोमचा, रुग्ण येणं पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टला नवलाचं नाही. लाखामागे वर्षाला एखाद-दुसऱ्याला हा आजार होतोच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची मिळून लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास धरली, तर वर्षाकाठी ७० ते १४० रुग्ण, म्हणजे आठवड्याला एक ते तीन. त्यातला कुणी कोथरूडच्या रुग्णालयात, कुणी हडपसरच्या, कुणी ससूनला. त्यामुळे एखाद्या अतिदक्षता विभागात एकाच आठवड्यात तीन-चार जण आले, तर तिथल्या डॉक्टरांच्या भुवया उंचावतात, पण तेवढ्यावरून साथ म्हणता येत नाही. शेजारच्या रुग्णालयातही तसेच तीन-चार आहेत हे कळलं की म्हणता येतं.

२०२५ च्या जानेवारीत तिसऱ्या आठवड्यात हे कळलं. खासगी रुग्णालयांकडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे माहिती गेली, २१ जानेवारीच्या सुमारास वीस-बावीस संशयितांची यादी झाली. यादीतले पत्ते एकाखाली एक आले तेव्हा दिसलं की बरेचसे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातले आहेत: किरकटवाडी, नांदेड, धायरी, नांदोशी, खडकवासला. राज्याचं शीघ्र प्रतिसाद पथक आलं, २७ तारखेला केंद्राने सात तज्ज्ञांचं पथक नेमलं, घरोघर सर्वेक्षण सुरू झालं. पुढे महिनाभरात संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. मृत्यूही झाले.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत रोज आकडा छापून येई आणि लोक तो क्रिकेटच्या स्कोअरसारखा पाहत. मला मात्र त्या पहिल्या यादीविषयी कुतूहल आहे. ती करायची कुणी, कशी, आणि झाल्यावर ती परत कुणाकडे जाते?

आधी आजाराविषयी थोडं, कारण सगळी गोम त्यातच आहे. गुईलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांवरून याचं वर्णन केलं. (नावातून बिचारा स्ट्रोल गळाला.) जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चाल करून जातात. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाच्या, जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या बाबतीत हे नीट उलगडलं आहे. त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच दिसतात. जुलाब थांबतात, माणूस कामाला लागतो, आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊ लागतात. जिना चढताना गुडघे ऐकत नाहीत. मग हात, मग चेहरा, आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायू.

हे ओळखायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. उकिडवं बसवून हात न टेकता उठायला सांगायचं. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारायची. पाय उडायला हवा, तो उडत नाही. एक खोल श्वास घ्यायला लावून त्या एकाच श्वासात एक, दोन, तीन असे आकडे म्हणून घ्यायचे. धडधाकट माणूस तिशीच्या पुढे सहज जातो. कुणी दहा-बाराला अडखळला तर त्याला रिक्षात घालून घरी पाठवायचं नाही, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायचं. नर्व्ह कंडक्शनची तपासणी, पाठीतलं पाणी काढणं हे सगळं नंतरचं. उपचार दोनच: इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं. इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. बिल लाखांत जातं, म्हणून तेव्हा महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात आणि पिंपरी-चिंचवडने वायसीएम रुग्णालयात मोफत उपचारांची सोय केली. स्टिरॉइडचा यात उपयोग होत नाही. हे एवढं एक वाक्य धायरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरपर्यंत वेळेत पोचणं फार गरजेचं असतं, कारण हातापायात शक्ती नाही म्हणत आलेल्या माणसाला स्टिरॉइड टोचून मोकळं होणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आता नोंदीकडे वळू. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला, तर भारतात १९९७ पासून त्याची खबर द्यावीच लागते. ही पोलिओची देखरेख. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे, ६० दिवसांनी मुलाला पुन्हा तपासायचं. निदान जीबीएसचं असलं तरी खबर द्यायचीच. २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं, तरी ही यंत्रणा चालू आहे आणि चालूच राहायला हवी. पण तोच पाय चाळीस वर्षांच्या माणसाचा लुळा पडला तर? त्याची खबर घेणारी अशी बांधलेली यंत्रणा नव्हती. जीबीएस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत नव्हता. एकाच आजाराच्या दोन रुग्णांपैकी सहा वर्षांच्या मुलासाठी सरकारचा माणूस रुग्णालयात येतो आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या बापासाठी येत नाही, अशी ही व्यवस्था. त्यामुळे जानेवारीत जे घडलं त्याचं श्रेय कुठल्या पोर्टलला देता येत नाही. ते आपल्या वॉर्डातले रुग्ण मोजणाऱ्या आणि फोन उचलून विचारणाऱ्या डॉक्टरांचं आहे.

पोर्टल आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. त्याचे तीन फॉर्म आरोग्य खात्यातल्या कुणालाही झोपेत विचारले तरी सांगता येतील: ‘एस’ आरोग्यसेविकेने भरायचा, ‘पी’ डॉक्टरने, ‘एल’ प्रयोगशाळेने. २०२१ पासून हे सगळं ऑनलाइन झालं, आठवड्याऐवजी रोजची माहिती भरता येऊ लागली. सरकारी दवाखाने भरतात. मोठी खासगी रुग्णालयं कमी-अधिक भरतात. पण पुण्यात ताप आला, जुलाब झाले तर माणूस आधी जातो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. तिथे एक डॉक्टर, एक कंपाउंडर, बाहेर बाकावर पंधरा जण. केस पेपरवर दोन ओळी लिहिल्या जातात, दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात, पुढचा रुग्ण आत. हा दवाखाना ‘पी’ फॉर्मच्या हिशेबात जवळजवळ नाहीच. भर दुपारी दाटीवाटीच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरने आणखी एक पोर्टल उघडावं, ही अपेक्षा मुंबई-दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीतच सुचू शकते. आणि त्याने भरलं तरी बदल्यात त्याला काय मिळतं? भरलेल्या माहितीचं पुढे काय झालं हे त्याला कुणी सांगत नाही. आपल्याच पेठेत, आपल्याच गावठाणात काय पसरतंय हे त्यालाही दुसऱ्या दिवशीच्या पेपरातूनच कळतं.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने हे थोडं ओळखलं. २०१२ मध्ये क्षयाची खबर देणं सक्तीचं झालं, २०१८ मध्ये न देणाऱ्यावर दंडसंहितेची कलमं लावायचीही सोय झाली. पण त्याबरोबर खबर देणाऱ्या खासगी डॉक्टरला ५०० रुपये आणि रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पैसेही ठेवले गेले. कलमांपेक्षा त्या देवाणघेवाणीने क्षयाच्या नोंदींचं निक्षय पोर्टल जास्त भरलं असावं, असा माझा अंदाज आहे.

सिंहगड रस्त्याच्या यादीतल्या गावांची आणखी एक ओळख आहे. धायरी २०१७ मध्ये पूर्णपणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांपैकी. गावं शहरात आली, सोसायट्यांचे दहा-दहा मजले उभे राहिले, मिळकतकराची बिलं आली. पाणी मात्र बराच काळ जुन्याच वाटेने येत राहिलं. नांदेडच्या मोठ्या विहिरीतून, जलशुद्धीकरण केंद्राच्या गाळण्यांतून न जाता, फक्त टीसीएल टाकून. उरलेली गरज टँकर, बोअर आणि गल्लीतल्या आरओ प्लांटवर. खडकवासल्याचं धरण या गावांच्या उशाशी आहे, आणि त्याचं पाणी पर्वतीला शुद्ध होऊन पेठांमध्ये जातं, या विसंगतीवर गावातली माणसं जे बोलतात ते छापण्याजोगं नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या राज्यात तिची जबाबदारी जलसुरक्षकाकडे असते. पावडर ताजी असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो चुना. म्हणून किती पावडर टाकली यापेक्षा शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरला हे पाहायचं असतं. त्याची परीक्षा आहे ओटी टेस्ट. बोटभर काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. शेजारच्या पट्टीवरच्या पिवळ्या छटांशी रंग जुळवून आकडा वाचतात. घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. कॅम्पायलोबॅक्टर हा काही चिवट जंतू नव्हे. एवढ्या क्लोरीनला तो टिकत नाही. म्हणजे प्रश्न जगातल्या एखाद्या गूढ विषाणूचा नव्हता, काचेच्या नळीतल्या पिवळ्या रंगाचा होता. साथीच्या काळात महापालिकेने त्या भागात क्लोरीनचं प्रमाण वाढवलं, खासगी स्रोतांचे नमुने तपासले, काही आरओ प्लांट बंद केले. आरओची गंमत अशी की तो क्लोरीन काढून टाकतो. यंत्र नीट असेल तर जंतूही काढतो, पण पुढे जारमध्ये, तोटीत, टाकीत घाण शिरली तर तिला रोखायला पाण्यात काहीच उरलेलं नसतं. वीस लिटरचा थंडगार जार शुद्धच असणार, ही आपली समजूत.

प्रयोगशाळेच्या बाजूने पुण्यासारखं नशीब दुसऱ्या शहराचं नाही. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. पुणेकर तिला एनआयव्ही म्हणतात. क्यासनूर जंगलातला माकडताप, नागपूरचा चंडिपुरा, निपाह, कोरोना, सगळ्यांचे नमुने इथे आले. जीबीएसच्या रुग्णांचे नमुनेही इथेच गेले आणि काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर, काहींत नोरोव्हायरस सापडला. काहींत काहीच सापडलं नाही, आणि त्यातही आश्चर्य नाही. कॅम्पायलोबॅक्टरला कमी ऑक्सिजन लागतो, तो ४२ अंशाला वाढतो, नेहमीच्या प्रयोगशाळेत नेहमीच्या थाळीवर तो उगवतच नाही. त्यात पाय लुळे पडेपर्यंत दोन आठवडे गेलेले, मधे कुणीतरी अँटिबायोटिक दिलेलं. जंतू निघून गेलेला असतो, त्याने लावलेली आग तेवढी राहते. नमुना घ्यायची खरी वेळ जुलाबाची होती, आणि तेव्हा रुग्ण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात होता.

हा दवाखाना असा हिशेबाबाहेर का राहिला, याची एक जुनी बाजूही आहे. साथीची खबर देणं या शहरात कधीच साधी गोष्ट नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि त्याचा सगळ्यात कडवट अनुभव पुण्याने घेतला. रँडच्या प्लेग समितीचे गोरे सोजीर घराघरात घुसून रुग्ण शोधत, देवघरात बूट घालून जात, सामान जाळत. लोक आजारी माणूस माळ्यावर लपवत. त्याच वर्षी मार्चमध्ये हडपसरजवळ सासणे मळ्यात आपल्या मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. कळवलं तर घरादाराची दशा होते, हा धडा तेव्हाचा. २०२० मध्ये दारावर चिकटवलेल्या कागदांनी आणि सोसायट्यांच्या फाटकांनी तो ताजा केला. डॉक्टरही त्याच समाजातले. आपल्या दवाखान्यातून साथीचा रुग्ण निघाला हे कळलं तर उद्या बाकावर कुणी बसेल का, हा विचार त्यांच्या मनात येतोच.

दुसरी बाजू मार्गदर्शनाची. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात १४ वर्षांची एक विद्यार्थिनी स्वाइन फ्लूने दगावली. देशातला तो पहिला मृत्यू. त्या आठवड्यात नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, मेडिकलमधले मास्क संपले, लोक रुमाल बांधून फिरू लागले. खासगी डॉक्टरांकडे ना तपासणीची सोय ना ऑसेलटामिविरच्या गोळ्या. सगळं सरकारी ठिकाणी. त्यांना एकच करता येई, रुग्णाला नायडूत पाठवणं. म्हणून साधा सर्दीवालाही रांगेत आणि खरा धापा टाकणाराही त्याच रांगेत. मग केंद्राने ए, बी, सी असे गट ठरवून दिले: सौम्य ताप-खोकला घरी, धोक्याच्या गटातल्याला गोळ्या, धाप लागणाऱ्याला भरती, आणि तपासणी फक्त त्यांचीच. अर्ध्या पानात मावणारं ते वर्गीकरण. पण त्या अर्ध्या पानाने कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या हाती निर्णय दिला, आणि रांगा ओसरायला त्याचा हातभार लागला. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत पुण्याच्या साथींमध्ये सर्वांत उपयोगी पडलेला कागद तो.

२०२४ च्या झिकाच्या वेळी हे जास्त नीट झालं. जूनमध्ये एरंडवण्यातल्या एका डॉक्टरला ताप आणि पुरळ आलं, नमुना एनआयव्हीला गेला, झिका निघाला. मग त्यांच्या मुलीचाही. पुढे शहरात रुग्णसंख्या शंभरावर गेली. ३ जुलैला केंद्राची सूचना आली ती नेमकी होती: गर्भवतींची तपासणी करा, बाधित आढळलेल्यांच्या गर्भाच्या वाढीवर सोनोग्राफीने लक्ष ठेवा, रुग्णालयाच्या आवारात एडिस डास होऊ देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञाला उद्या सकाळी ओपीडीत काय करायचं हे त्यातून कळत होतं. आणि झिका पहिल्यांदा महाराष्ट्रात सापडला तो त्याआधी तीन वर्षं, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. गावात तापाचे रुग्ण वाढल्याचं स्थानिक आरोग्य यंत्रणेने कळवलं होतं म्हणून जुलै २०२१ मध्ये एनआयव्हीचं पथक तिथे गेलं, ४१ नमुने घेतले. २५ चिकुनगुन्या, तीन डेंगी, एक झिका. प्राथमिक आरोग्य केंद्राला ताप मोजायची सवय होती, म्हणून तो एक सापडला. महाराष्ट्राच्या एका खेड्याला जे जमलं ते सिंहगड रस्त्याच्या अर्धवट शहरी गावांना का जमू नये? उत्तर कटू आहे. खेड्यात आशाताई घर ओळखते. या सोसायट्यांत वॉचमनच आत सोडत नाही.

सांडपाण्यात विषाणू शोधण्याचा उद्योगही पुण्यात कोरोनाकाळात झाला. मैलाशुद्धीकरण केंद्रांवरचे नमुने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांनी तपासले. त्यात कुणाला केस पेपर भरावा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, गरीब-श्रीमंत सगळे मोजले जातात. पण ज्या भागाचं मैलापाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून थेट नदीत जातं, तो भाग या मोजणीतूनही वगळला जातो. समाविष्ट गावांपैकी बऱ्याच भागांची गत तीच.

एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कॅम्पायलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पुण्यातल्या सगळ्यांचं कारण हा जंतू नव्हता, आणि एका साथीला असा सरासरीचा गुणक तंतोतंत लावणं धोक्याचं. पण निम्म्याने, दहा पटींनी कमी केला तरी जीबीएसच्या यादीमागे जुलाबाचे कित्येक हजार रुग्ण उभे राहतात. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला ते कुठेतरी बसले होते. धायरीच्या, नांदेडच्या दवाखान्यांत, किरकटवाडीच्या मेडिकलच्या काउंटरवर ओआरएस आणि लोपेरामाइड मागत. अतिदक्षता विभागातली यादी ही साथीची शेवटची बातमी होती. पहिली बातमी केस पेपरच्या दोन ओळींत तीन आठवडे आधीच लिहिली गेली होती, ‘लूज मोशन्स, दोन दिवस’.

ती वाचायला नवी प्रयोगशाळा नको. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतले दहा-पंधरा चालते दवाखाने निवडावेत, डॉक्टर होमिओपॅथीचे असोत की आयुर्वेदाचे. सोमवारी महापालिकेच्या आरोग्य सहायकाने फोन करून त्यांना तीनच आकडे विचारावेत: ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. आणि गुरुवारी त्यांच्याच मोबाइलवर अर्धं पान परत यावं: या आठवड्यात तुमच्या भागात जुलाब दुप्पट आहेत, रक्त पडत असेल तर शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअरच्या बाटलीत घेऊन अमुक ठिकाणी द्या, बाटल्या आम्ही पुरवतो, सिप्रोफ्लॉक्सासिन कॅम्पायलोबॅक्टरवर बऱ्याचदा चालत नाही, पायांत मुंग्या म्हणत कुणी परत आला तर हातोडी काढा, स्टिरॉइड नको, आणि प्रत्येकाला विचारा, पाणी कुठलं पिता, नळाचं, टँकरचं की जारचं, जार कुणाकडचा. पुढच्या सोमवारी फोन आला की डॉक्टर तीनऐवजी चार आकडे सांगेल.